मुजावर सरांचा न दिलेला हुकूम

मुजावर सर शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात मैदानावरचे कावळेसुद्धा ओळीत बसायला लागले, असं आमचा शिपाई गुरप्पा अजून सांगतो. गुरप्पाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. उरलेलं निम्मं मात्र मी स्वतः पाहिलंय. त्याआधी आमच्या शाळेची प्रार्थना म्हणजे भाजी मंडई होती. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, आणि पोरं तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी अशा चार भाषांत एकाच वेळी भांडणारी. मी मराठी शिकवते. आवाज बरा आहे, जरब शून्य. सर आले, त्यांनी एकदा शिट्टी फुंकली आणि सहाशे पोरं गप्प झाली. यंत्रमागही थांबले असं गुरप्पा म्हणतो, ते सोडून द्या.

उंची बेताची, छाती पुढं, मिशी कातरून नीट बसवलेली. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते रोज सकाळी खडूनं घासलेले. फळ्याचे खडू भराभर का संपतात याची चौकशी झाली तेव्हा आम्हाला हे कळलं. स्टाफरूममधून बाहेर पडताना ते दारात थांबून टाच वाजवून वळायचे. चहा तीन घोटांत संपायचा. एक, दोन, तीन, कप खाली. मी चौथा घोट घेते म्हणून मला ते 'बेशिस्त मॅडम' म्हणायचे, आणि मी मुद्दाम पाचवा घ्यायची.

ही शिस्त त्यांच्या घरातली होती. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. "आमच्या घरात भूक पोटाला न्हाई लागायची मॅडम, भोंग्याला लागायची," सर सांगायचे. "भोंगा वाजला की उटायचं, भोंगा वाजला की जेवायचं. एकदा भोंगा बिगडला, तर अम्मीनं दुपारपातुर चूलच पेटवली न्हाई. आमी सगळी भावंडं उपाशी, पन कुनाला भूकच लागली न्हाई, बोला!" हे सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. मला त्यात हसू आणि कीव दोन्ही यायची, पण मी हसण्यावर भागवत असे.

सरांचा एक सिद्धांत होता. "एकवीस दिवस पोराला रोज तेच सांगा मॅडम, त्याच येळेला, त्याच आवाजात. बाविसाव्या दिवशी ते पोरगं तीच गोष्ट सोताची म्हनून तुमालाच सांगतंय." आणि कवायतीच्या पहिल्या तासाला पोरांना ते घोकून घेत, "डोकं दप्तरात, कान मैदानावर!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. मुख्याध्यापिकाबाईंना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते व्हरांड्यात रंगवून घेतलं. डोकं दप्तरात ठेवायला सांगणारी ती जिल्ह्यातली एकमेव शाळा असावी.

सिद्धांताची परीक्षाही झाली होती, पण ती कुणी ठरवून घेतली नव्हती. एका वर्षी मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीजवळ सिमेंट ओतलं. ते ओलं होतं म्हणून सरांनी तिथं चुन्याची रेघ मारली आणि प्रार्थनेत सांगितलं की रेघ ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. तीन-चार दिवसांत सिमेंट वाळलं. सरांच्या डोक्यातून मात्र ते सांगणं गेलं नाही. रोज प्रार्थनेत रेघेचा उच्चार व्हायचा. चुना पावसात वाहून गेला, ओल्या सिमेंटच्या वेळची पोरं दहावी होऊन गेली, तरी पाण्याला जाताना सगळी शाळा तिथं वळसा घालायची. नव्यानं आलेले विज्ञानाचे सरही घालायचे. एकदा मी पाचवीतल्या पोरीला विचारलं, "इथून सरळ का नाही गं जात?" ती डोळे मोठे करून म्हणाली, "तितं जायचं नस्तंय बाई!" "का?" "नस्तंय म्हनून." मी हसत पुढं गेले. टाकीजवळ पोहोचल्यावर लक्षात आलं की मीही वळसा घालूनच आले होते.

हे सगळं गमतीगमतीत चाललं होतं. गंमत संपली ती एका मार्च महिन्यात.

सोलापूरचा मार्च म्हणजे इतर गावांचा मे. शाळा तपासणीला साहेब येणार म्हणून सकाळी दहाला कवायतीची तालीम सुरू होती. मुलींच्या पथकापुढं पद्मा उभी होती, नववीतली. आई नरसव्वा विड्या वळायची, वडील नव्हते. सरांची ती लाडकी. सावधान म्हटलं की पापणीसुद्धा हलत नसे. सरांनी 'सावधान' दिलं आणि तेवढ्यात ऑफिसातून फोनसाठी बोलावणं आलं. फोनवर तपासणीचा घोळ निघाला आणि वीस मिनिटं गेली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं तर एक मुलगी मातीत पडलेली. आजूबाजूला साठ मुली उभ्या होत्या, नाक समोर, हात मांडीला चिकटलेले. पद्मा तिच्यापासून दोन पावलांवर होती. कुणी खाली बघतसुद्धा नव्हतं.

मी ओरडत धावले, सर तिकडून धावले. मुलगी सावलीत नेली, तोंडावर पाणी मारलं, लिंबूसरबत पाजलं, तशी ती उठून बसली आणि "माझा नंबर गेला का?" म्हणाली. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पद्माला विचारलं, "अगं, उचललीस का न्हाई तिला?"

पद्मानं टाच वाजवली. "सर, तुम्ही विश्राम म्हणला नव्हता."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, अपराध नव्हता. शाबासकीची वाट बघत होती पोरगी. मुख्याध्यापिकाबाईंनी ती दिलीसुद्धा. दुपारी साहेबांना त्या कौतुकानं सांगत होत्या, "बघा, शेजारची पडली तरी आमच्या मुली हलल्या नाहीत!" साहेबांनी वहीत 'शिस्त उत्तम' असा शेरा लिहिला. सर व्हरांड्यात त्या रंगवलेल्या वाक्याखाली बसून होते. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून सर बदलले, आणि आमच्या शाळेची जी काही धमाल उडाली ती विचारू नका. सरांनी 'उलटा हुकूम' काढला. दर तासाला एक हुकूम मुद्दाम चुकीचा द्यायचा. म्हणजे पथकाला भिंतीकडे चालवायचं आणि 'थांब' म्हणायचंच नाही. जो आपण होऊन थांबेल आणि "का सर?" असं विचारेल त्याला शेंगाची चिक्की. पहिल्या दिवशी सगळं पथक भिंतीला जाऊन थडकलं आणि तिथंच जागच्या जागी पाय आपटत राहिलं. सरांनी कपाळाला हात लावला. हळूहळू एक-दोघं थांबायला लागले. मग चिक्कीची चव पसरली.

महिनाभरानं सर मला हाताला धरून मैदानावर घेऊन गेले. "बगा मॅडम, तुमीच बगा." त्यांनी हुकूम दिला, "भिंतीकडे, चाल!" भिंतीपाशी येताच साठ पोरं एका पायावर थांबली आणि एका सुरात, एका ठेक्यात गरजली, "का-सर!" मग सगळ्यांनी एकदम उजवा हात चिक्कीसाठी पुढं केला.

"ह्येबी पाठ केलं की वो पोरांनी!" सर रडकुंडीला आले होते. मी पोट धरून हसत होते. "हसू नका मॅडम. शंका घ्यायला शिकवली, तर तिचीबी कवायत झाली. आता मी करू तरी काय?"

चिक्की बंद झाली. पुढं ते नुसतं करायचे काय, तर हुकूम द्यायचे आणि वाट बघायचे. कधी बरोबर, कधी चूक, सांगायचे नाहीत. व्हरांड्यातलं वाक्य त्यांनी स्वतः चुन्यानं पुसलं, त्याबद्दल बाईंचा मेमो घेतला आणि तो खिशात घालून तीन घोटांत चहा प्यायले. आमच्या वर्गांत पोरं प्रश्न विचारून भंडावू लागली. गणिताच्या सरांनी तक्रार केली. मुजावर सर म्हणाले, "उत्तर येत नसंल तर येत न्हाई म्हना की. पोरं काय खात न्हाईत." गणिताचे सर त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत.

पण पद्मा तोवर दहावीत गेली होती आणि दहावीला कवायतीचा तासच नसायचा. ती शाळेतून बाहेर पडली ती जुन्या शिक्षणावरच.

आठेक वर्षं गेली. सरांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. एक दिवस मधल्या सुट्टीत नरसव्वा शाळेत आली. बोटांना तंबाखूचा वास, डोळे सुजलेले. पद्मा टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात लागली होती, चांगलं चाललं होतं. तिथल्या एका मैत्रिणीनं तिला एका मंडळात नेलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, आतली माणसं त्याला नुसतं 'परिवार' म्हणत. रविवारी मंगल कार्यालयात सभा, मग शिबिरं, मग अक्कलकोट रस्त्याला त्यांच्याच वसतिगृहात राहणं. आणि एक नियम होता, शंका घेणाऱ्या माणसाशी एकवीस दिवस मौन पाळायचं.

"मी एवढंच बोल्ली सार, की तितं काय करता गं तुमी दिवसभर? झालं. बोलणं बंद," नरसव्वा म्हणाली. "एकवीस दिवसांनी गेली मी. परत इचारली. परत बंद. तीन महिने झाली, आई म्हणून हाक न्हाई मारली. एकच बिड्डा हाय माझी, दुसरं लेकरू न्हाई. तुमचं ऐकते ती सार. तुमी एक शिट्टी मारा, पळत येईल."

सरांचा चेहरा उतरला. "एकवीस," ते म्हणाले. "ह्यो आकडा तर माजा हाय."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्या सभेला गेलो. दारात पिवळ्या साड्यांतल्या पोरींनी गुलाबपाणी शिंपडलं आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. व्यासपीठावर त्यांचे 'दादाजी'. वय जेमतेम चाळीस, आवाज मधात घोळलेला. "आमची शंका?" ते विचारायचे. तीन टाळ्या, मग थोडं थांबायचं, मग सगळं कार्यालय ओरडायचं, "संपली!" "आमचं मन?" तीन टाळ्या. "मोकळं!"

सर माझ्या कानाशी लागले. एखाद्या गवयानं दुसऱ्या गवयाचं ऐकावं तसं ऐकत होते. "ठेका बगा मॅडम. टाळ्यांनंतर थांबतोय ते बगा. त्या थांबन्यात सगळं हाय. पक्का माणूस हाय ह्यो. माज्यापेक्षा चांगली कवायत घेतोय." चौथ्या वेळी "आमची शंका?" आलं आणि माझ्या शेजारून इतक्या जोरात "संपली!" आलं की पुढची ओळ मागं वळून बघायला लागली. मुजावर सर हात वर करून उभे होते. ते झटकन खाली बसले. "माजा हात गेला वो मॅडम," ते पुटपुटले. "मी न्हेला न्हाई." खोटं कशाला सांगू, त्याच्या आदल्या वेळी मीही हळूच म्हणाले होते.

सभा संपल्यावर पद्मा दिसली. रांगा लावत होती, हुकूम देत होती. सरांना बघताच ती भराभर आली आणि समोर सावधान उभी राहिली. आईकडं तिनं नजरसुद्धा वळवली नाही. "सर," ती म्हणाली, "काय हुकूम?"

नरसव्वानं सरांची बाही धरली. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा आता, 'घरी चल' सांगा. दोन शब्दांचं काम होतं. सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"हुकूम न्हाय," ते म्हणाले. "तुजी आई आलीया. तुला काय वाटतंय ते कर."

पद्मा गोंधळली. पुढच्या वाक्याची वाट बघत ती तशीच उभी राहिली. पुढचं वाक्य आलं नाही. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती टाच वाजवून निघून गेली.

परतीच्या रिक्षात नरसव्वानं सरांना तेलुगूत आणि मराठीत सोलून काढलं. "तुमी भ्याला सार! तुमच्या लेकीचं असतं तर बोल्ला असता!" मीही गप्प बसले नाही. घरी आणायची आधी, मग शहाणपण शिकवायचं, असं मी तावातावानं म्हणाले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"माज्या शिट्टीवर आली आस्ती," ते शेवटी म्हणाले. "आज माज्या, उद्या आनि कुनाच्या. शिट्टी बदलली आस्ती, पोरगी तीच ऱ्हायली आस्ती. नरसव्वा, तुला लेक पायजे की कवायत?"

"मला लेक पायजे. कशी बी पायजे," नरसव्वा म्हणाली.

त्या रविवारपासून सर पद्माला मोबाईलवर आठवड्याला एक प्रश्न पाठवू लागले. एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून, अर्धा अर्धा तास टाईप करत. पहिला प्रश्न होता, 'जेवलीस का?' दुसरा, 'आज शिकवलं त्यातलं काय पटलं नाही?' तिसरा, 'दादाजींना कधी कुणी नाही म्हणालं का?' निळ्या खुणा उमटायच्या. उत्तर यायचं नाही. सर तो मोबाईल मला दाखवायचे. "वाचलं तर तिनं," म्हणायचे.

दोन महिने असे गेले. एके दुपारी स्टाफरूममध्ये ते एकटेच बसले होते, समोरच्या शेंगा तशाच. "मॅडम, न्हाई आली तर?" ते म्हणाले. "त्या बाईला मी काय तोंड दाकवू? रोज सकाळी 'घरी ये' एवडं लिवतो, आनि पुसतो. रोज." एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. या माणसाला जे येत होतं तेच तो करत नव्हता, आणि जे येत नव्हतं ते शिकत बसला होता, निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना. मी त्यांच्यासमोर बसून शेंगा सोलत राहिले.

मग एका मंगळवारी, चौथा तास सुरू असताना, पद्मा शाळेच्या फाटकातून आत आली. पिवळी साडी होती, पण चालण्यात ते ताठपण नव्हतं. सर मैदानावर सातवीचा तास घेत होते. मी वर्गाला धडा वाचायला लावून व्हरांड्यात आले. मला राहवलं नाही.

"सर, मी विचारलं," ती म्हणाली. "सभेत उभं राहून विचारलं, आईचं मौन पुन्हा पुन्हा का वाढवलं? एवढंच. त्यावर माझ्यावरच मौन टाकलं. खोलीतल्या मुली बोलत नाहीत. जेवताना मीठ मागितलं तर कुणी पुढं करेना. सहा दिवस झाले. मला वेड लागायची पाळी आली. आणि आईला पाच महिने मी..." तिनं मान फिरवली. मग म्हणाली, "सर, आता सांगा, मी काय करू?"

"मला इचारू नको," सर म्हणाले.

आणि पद्मा भडकली. मी तिला नववीपासून ओळखते, तिचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "का विचारू नको? शाळेत तुम्हीच सांगितलं ना, डोकं दप्तरात ठेवायचं? मी ठेवलं! सगळ्यांत चांगलं मीच ठेवलं! आणि आता म्हणता तुझं तू बघ? माझी आई रडत होती तेव्हा तुम्हाला एक शब्द बोलायला काय झालं होतं? मोठे शहाणे! दर रविवारी प्रश्न पाठवायचे नुसते! माझी झोप उडवली तुम्ही!" सातवीची पोरं आ वासून बघत होती. गुरप्पा घंटा द्यायची विसरला. ती चांगली पंधरा मिनिटं बोलत होती, बोटं नाचवून, मध्येच तेलुगूत घुसून. सर खाली मान घालून ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी "चुकलंच माजं" म्हटलं, तर ती "मध्ये बोलू नका" म्हणाली.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी आईकडं जाते. तुम्ही सांगितलं म्हणून नाही."

"स्कूटरवरनं सोडतो की."

"नको. माझी मी जाते." ती वळली आणि फाटकाबाहेर पडली, साधी चालत, एक पाय धड एक पाय वाकडा टाकत.

सर पुढं तीन महिन्यांनी निवृत्त होऊन कुर्डुवाडीला गेले. निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झालं, भाषणं झाली, ते सगळं मी विसरले. मला सर आठवतात ते त्या दुपारचे, भर उन्हात मैदानाच्या मध्यावर उभे. मी जवळ गेले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं.

"एवढं बोलली, आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" मी म्हटलं.

"ऐकू द्या की वो मॅडम," सर म्हणाले. "इतकी वर्सं तिच्या तोंडून मी माजंच ऐकत हुतो. आज पयल्यांदा पोरगी बोलली."